सातवं पान

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला आमच्या फळ्यावर ऊन यायचं आणि मग वीसेक मिनिटं त्यावरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर बालवाडी भरायची. तिच्या पश्चिमेच्या खिडकीतून हे ऊन गजांच्या सावल्यांसकट आत यायचं. आधी भिंतीवर रंगवलेल्या पोपटावर, मग अननसावर, मग सावकाश फळ्यावर. लिहिलेल्या ओळी त्या उजेडात एकेक करून नाहीशा व्हायच्या. जो बोलत असेल तो खडू खाली ठेवायचा आणि आम्ही सगळे चहा प्यायचो. याला आम्ही उन्हाची सुट्टी म्हणत होतो. त्या सुट्टीत गणित बोलायचं नाही असा नियम होता, आणि खरं सांगायचं तर दुसरंही फारसं कुणी काही बोलायचं नाही. वरच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू यायचा, पंखा कुरकुरायचा, खडूची धूळ उन्हात तरंगत राहायची. मग ऊन पुढं सरकायचं आणि गेलेल्या ओळी होत्या तशा परत दिसायला लागायच्या. मला दर वेळी उगाचच बरं वाटायचं.

खिडकीला पडदा लावू या, असं एकदा एकाने सुचवलं होतं. मी त्याला असं काही सुनावलं की पुन्हा पडद्याचा विषय निघाला नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी एम.एस्सी. होऊन एका ज्युनियर कॉलेजात अकरावीला गणित शिकवत होते. त्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका संशोधन संस्थेत मी दोनदा मुलाखतीला गेले होते. दोन्ही वेळा तिथल्या लांबलचक फळ्यापुढे उभी राहिले आणि माझी वाचा बसली. येत असलेलंसुद्धा सांगता आलं नाही. घरी येऊन मी जाहीर केलं, की तिथलं वातावरण मलाच पसंत पडलं नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आईला कळलं असणार. मग मी बालवाडीची किल्ली मागून घेतली आणि रविवारचा सेमिनार सुरू केला. मोठा फळा नशिबात नव्हता, तर छोटा.

छोटा म्हणजे खरोखरच छोटा. चार वर्षांच्या मुलांच्या उंचीला टांगलेला. त्यावर लिहायचं तर गुडघ्यावर बसावं लागायचं. ऐकणारे बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. सगळ्यांत जास्त हाल मुलुंडच्या काकांचे व्हायचे. ते एका विमा कचेरीत कारकून होते, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने भारदस्त. लहानपणी गणित सुटलं ते सुटलंच, आता रिटायर व्हायच्या आत धरतो, असं म्हणून ते यायला लागले. दुसरा बोरिवलीचा मुलगा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हुशार आणि धांदरट. पी हळद आणि हो गोरी, असा त्याचा स्वभाव. आणि तिसरी जोगेश्वरीची मुलगी. तिच्याविषयी पुढं सांगते. अधूनमधून आणखी कुणी यायचं, खुर्चीला वैतागून जायचं. कायमचे असे आम्ही चौघंच.

आमचा विषय होता संगणकाचं गणित, आणि आमच्यापैकी कुणाकडेही संगणक नव्हता. बोरिवलीकराच्या कॉलेजात एक होता. थंडगार खोलीत ठेवलेला, चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातो तसं. पण आमचं त्याच्यावाचून अडत नव्हतं. एखादं काम यंत्राला जमेल की नाही, जमलं तर किती पायऱ्यांत, आणि कुठलं काम जगातल्या कुठल्याच यंत्राला कधीच जमणार नाही, हे नुसत्या खडूने ठरवता येतं. अजून बांधलंच नाही अशा यंत्रांविषयी आम्ही बालवाडीत बसून निर्णय देत होतो. त्या दुपारी आठवल्या की वाटतं, आपण अर्धवट झोपेत होतो, आणि इतकं जागंही पुन्हा कधी नव्हतो.

सेमिनारचा नियम मी केलेला, आणि मला त्याचा फार अभिमान होता. बोलणाऱ्याने कागद बघायचा नाही. ऐकणाऱ्याला एखादी पायरी पटली नाही तर त्याने 'थांब' म्हणायचं. थांब म्हटलं की बोलणाऱ्याने थांबायचं, आणि ज्याने थांबवलं तो स्वतः 'हं' म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. मग त्यात तास गेला तरी चालेल. काकांनी एकदा बोरिवलीकराला दोन रविवार एकाच ओळीवर थांबवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "काका, वाट लावलीत यार माझी." काका शांतपणे म्हणाले, "मला पटत नाही तोवर मी हं कसं म्हणू रे?" मला ते फार आवडलं होतं.

जोगेश्वरीची मुलगी आली ती वाचनालयात आम्ही लावलेली चिठ्ठी वाचून. एकवीस वर्षांची. वडील मूळचे कोकणातले, मिलमध्ये साच्यावर कापड विणणारे. संप झाला, मिल गेली, आता ते मरोळला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. तीसुद्धा मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत रेडिओचे सुटे भाग तपासायचं काम करायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास करून नुकतीच बी.एस्सी. झाली होती. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "मला यातलं काही येत नाही, नुसती बसले तर चालेल ना?" चार महिन्यांत ती नुसती बसेनाशी झाली. बारीक अक्षरात लिहायची, हळू बोलायची आणि एखादी गोष्ट कळली की डोळे मिटून घ्यायची. मी तिला त्याबद्दल चिडवायची. "झोपलीस का गं?" ती म्हणायची, "नाही ताई, बघतेय."

तर त्या वर्षी बोरिवलीकर कुठूनसा एका लेखाची झेरॉक्स घेऊन आला. वस्तू क्रमाने लावायच्या तर किती तुलना कराव्या लागतात, अशा विषयावरचा वीस पानी लेख. आम्ही एकेक पान फळ्यावर उभं करत सहाव्या पानाच्या तळाशी आलो. तिथं एक विधान होतं आणि खाली 'सिद्धता' एवढाच शब्द. पान उलटलं तर पुन्हा सहावं पान. मशीनवाल्याने सहावं दोनदा काढलं होतं आणि सातवं काढलंच नव्हतं.

विधान साधं होतं. समजा, सोसायटीत कॅरमची स्पर्धा आहे. प्रत्येक जण प्रत्येकाशी एकेक डाव खेळला, बरोबरी कुठेच नाही. तर सगळ्या खेळाडूंना एका रांगेत असं उभं करता येतंच, की प्रत्येकाने आपल्या लगेच मागच्याला हरवलेलं असेल. बस, एवढंच. आज हे कुणीही एखाद्या पुस्तकातून काढून दाखवील. आमच्याकडे ते पुस्तक नव्हतं.

बोरिवलीकर म्हणाला, "त्यात काय, ज्याने जास्त डाव जिंकले तो पुढे. झकास." काकांनी थांब म्हटलं. पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला, तर तिघांचा एकेकच विजय. आता पुढे कोण? बोरिवलीकर डोकं खाजवत बसला. मग काकांनी प्रयत्न केला, मग मी. सगळे पडलो. आणि गंमत अशी की सेमिनारला इतका रंग कधीच चढला नव्हता. लोक लवकर यायला लागले. काका कचेरीतल्या फायलींच्या पाठीवर खेळाडूंची वर्तुळं आणि बाण काढून आणायचे.

तिसऱ्या रविवारच्या आधी, गुरुवारी, मला फोर्टात काम होतं. तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात मी सहज शिरले आणि ते मासिक मिळालं. सातवं पान मी वहीत उतरवून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. सिद्धता सरळ होती. बाकी सगळ्यांची रांग लागली आहे असं धरायचं, आणि नव्या खेळाडूला पुढून मागं नेत जायचं. ज्याला त्याने हरवलंय असा पहिला माणूस भेटला की त्याच्या पुढ्यात त्याला घुसवायचं, कुणीच भेटला नाही तर शेवटी उभं करायचं. पुढच्या सगळ्यांनी त्याला हरवलेलंच असतं, म्हणजे रांग बिघडत नाही. असं एकेक करत सगळे.

रविवारी वही पिशवीत होती. ती मी बाहेर काढली नाही.

आधी खरोखरच चांगल्या हेतूने. सगळ्यांना इतकी मजा येत होती, कशाला ती घालवा? झाकली मूठ सव्वा लाखाची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यात निदान कळसावाल्याला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं, आणि वळसा मी दुसऱ्यांना घालायला लावत होते. त्यांची वाट चुकली की मी गालातल्या गालात हसायची. परीक्षक होण्यात सुख असतं, हे मला त्या दोन रविवारांत कळलं.

त्यातल्या पहिल्या रविवारी सेमिनार संपल्यावर जोगेश्वरीची मुलगी खुर्च्या एकात एक घालायला थांबली. तिने पर्समधून दोन पाकिटं काढली. एक टेलिफोन खात्याचं. कायमची नोकरी, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं, आणि होकार बुधवारपर्यंत कळवायचा. बुधवार म्हणजे पुढच्या रविवारनंतरचा. दुसरं त्या संस्थेचं. त्याच संस्थेचं. मंगळवारी सकाळी दहाला मुलाखत, म्हणजे बुधवारच्या आदल्याच दिवशी.

"ताई, मला जमेल का?"

मी म्हटलं, "ते मी कसं सांगणार?"

"बाबा म्हणतात, सरकारी नोकरी हातची सोडू नको. बरोबर आहे त्यांचं. एका घरात किती माणसांनी वाट बघत राहायचं?" मग ती म्हणाली, "मी एक ठरवलंय. पुढच्या रविवारी मी सातवं पान उभं करते. तुमच्यासमोर ते उभं राहिलं तर मंगळवारी जाईन. नाही राहिलं तर टेलिफोनवाल्यांना हो म्हणून टाकीन. तुम्ही हं म्हटलंत म्हणजे ते बरोबर असतं."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण ते पाकीट मी ओळखलं होतं. तसली दोन माझ्या कपाटात होती.

पुढच्या रविवारी ती अर्धा तास आधी येऊन फळ्याशी गुडघ्यांवर बसली होती. फळा दोनदा ओल्या फडक्याने पुसलेला. काका आले, बोरिवलीकर आला. तिने सुरुवात केली.

"या सगळ्या खेळाडूंच्या जेवढ्या म्हणून रांगा करता येतील, तेवढ्या सगळ्या मनात धरा. प्रत्येक रांगेत मोजा, किती जोड्या बरोबर आहेत. म्हणजे पुढे उभा असलेला मागच्याच्या वर जिंकलाय, अशा किती. लगेच मागचा असं नाही, कुणीही मागचा. आता या सगळ्या रांगांतून जिच्यात अशा जोड्या सगळ्यांत जास्त आहेत, ती रांग घ्या."

"थांब," मी म्हटलं.

ती थांबली.

"घ्या म्हणजे? ती रांग सापडणार कशी? वीस खेळाडू घेतलेस तर किती रांगा होतील माहितीये? जन्म जाईल मोजता मोजता. आपण इथं पायऱ्या मोजायला बसलोय ना?"

आवाज माझाच होता, आणि तो मला आवडतही होता. मुलाखतीतल्या माणसांचा आवाज असाच असायचा. माझ्या डोक्यात छापील पान उघडं होतं. तिथं एकेक खेळाडू शिस्तीत रांगेत घुसत होता. हिच्याकडे तसलं काही नव्हतं. म्हणजे ही चुकली.

ती म्हणाली, "सापडायला..." आणि फळ्याकडे वळली. डोळे मिटले. खडू तिच्या बोटात तसाच होता. काका खुर्चीत हलले, त्यांना काही म्हणायचं होतं असं मला आता वाटतं, पण थांब माझं होतं. मी हं म्हटल्याशिवाय कुणालाच पुढं जाता येत नव्हतं.

तेवढ्यात ऊन आलं. पोपटावरून अननसावर, अननसावरून फळ्यावर. तिच्या चार ओळी उजेडात गेल्या. आम्ही चहा प्यायलो. ऊन सरकलं, ओळी परत आल्या, आणि ती हात झटकून उठली. "नाही जमत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "विचार चांगला होता."

याहून वाईट काही मला सुचलं नसतं. ती हसली, खुर्च्या लावल्या आणि साकीनाक्यावरून जाणारी बस धरायला निघून गेली. मी पिशवीतल्या वहीला हात लावला नाही. हलकं वाटत होतं, हे कबूल करते. घरी जाऊन मी पोटभर जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी अकरावीच्या वर्गात शिकवत होते. खाली मैदानात पीटीचे सर मुलांना उंचीप्रमाणे उभं करत होते. ते ओरडले, "सगळ्यांत उंच कोण आहे रे? पुढे ये." कुणी येईना. मुलं एकमेकांकडे बघत हसत होती. सर म्हणाले, "अरे, कुणीतरी असेलच ना."

मी खडू धरून खिडकीशी उभी राहिले. कुणीतरी असेलच. मोजलं नाही, सापडला नाही, तरी त्या घोळक्यात सगळ्यांत उंच असा कुणीतरी आहेच. रांगा कितीही असोत, मोजक्याच आहेत. त्यांच्यात जास्तीत जास्त बरोबर जोड्यांची एक तरी आहेच. ती सापडायची गरजच नाही. रांग शोधून द्या असं विधानात कुठे म्हटलं होतं? ती असते, एवढंच तर म्हटलं होतं. आणि मग पुढची पायरी, जी मी तिला बोलू दिली नव्हती, ती आपोआप माझ्यासमोर आली. दोन ओळींची होती. सातव्या पानाहून कितीतरी देखणी.

वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती. मी त्यांना उदाहरणं घातली आणि तास संपल्यावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सेमिनारच्या हजेरीच्या वहीत तिचा पत्ता होता. जोगेश्वरीला, लेण्यांच्या मागच्या अंगाला, एका चाळीतली खोली. मी पोचले तेव्हा साडेचार झाले असतील. ती पहिल्या पाळीवरून येऊन तांदूळ निवडत बसली होती. वडील वॉचमनचा खाकी शर्ट घालून बटणं लावत होते. त्यांची पाळी सहाची. ते म्हणाले, "बसा बाई. चाय टाकतंय." आणि मला नको म्हणायची संधी न देता स्टोव्हकडे वळले.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "कालची सिद्धता पुरी करून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने इकडेतिकडे बघितलं. फळा कुठून येणार? मग तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं, कोनाड्यातून रांगोळीशेजारचा खडू घेतला आणि खोलीच्या शहाबादी फरशीवर लिहायला लागली. काळसर फरशीवर अक्षर फळ्यापेक्षा स्वच्छ उमटत होतं. मी शेजारी मांडी घालून बसले.

"सगळ्या रांगांत जास्तीत जास्त बरोबर जोड्या असलेली एक रांग आहे," ती म्हणाली. 'घ्या' म्हणाली नाही. "आता समजा, तिच्यात कुठेतरी पुढचा आपल्या लगेच मागच्याकडून हरलाय. मग त्या दोघांची अदलाबदल करा. बाकी कुणाचं पुढंमागं बदलत नाही, फक्त या दोघांचं बदलतं. म्हणजे बरोबर जोडी एकाने वाढली. पण सगळ्यांत जास्त तर आधीच होत्या. त्याहून जास्त कशा होतील? म्हणजे तसा हरलेला कुणी नाहीच. प्रत्येकाने लगेच मागच्याला हरवलंय."

खडू खाली ठेवून तिने डोळे मिटले. स्टोव्ह घुरघुरत होता. दारातून कलत्या उन्हाचा उजेड फरशीवर येत होता, पण अक्षरं त्यात जात नव्हती. मला आयुष्यात फार थोड्या वेळा इतकं शांत वाटलंय, आणि इतकी लाज.

तिचे वडील चहाचे कप घेऊन आमच्या डोक्यावर उभे होते. अक्षरांवर पाय पडू नये म्हणून ते कडेकडेने आले. म्हणाले, "काल हिणा घरी येवन सांगल्यान, बाईंनी थांब म्हटला. कित्याक म्हटला, ता हिका सांगूक येयना." कप ठेवले आणि ते उंबऱ्यावर बसले. "मिलीत आमच्या खात्यात जॉबरान, म्हंजे मुकादमान, साचो बंद केल्यान, तर कारण सांगूचा लागायचा. धागो तुटलो, काय झाला, ता. उगाच हात घालून साचो थांबवूचो नाय. जॉबर असलो तरी."

तिने माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "मग ताई, कारण?"

मी खोटं सांगू शकले असते. काल माझ्या लक्षात आलं नाही, एवढं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंच होतं. मी पिशवीतून वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"सातवं पान," मी म्हटलं. "दहा दिवस माझ्याकडे आहे. त्यात तुझ्यासारखं नव्हतं, म्हणून मला तुझं चूक वाटलं. आणि मी नीट ऐकलं नाही. त्या संस्थेत मी दोनदा जाऊन पडलेय. तिथे तू जाऊ नयेस असं मला वाटलं. हे कारण."

ती वहीकडे बघत राहिली. उघडली नाही.

"पान तुमच्याकडे आहे, ते मला कळलं होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"आधी तुम्ही आमच्याबरोबर चुकायचात. गेले दोन रविवार तुम्ही चुकलाच नाहीत."

मला रडू आलं. ते मी चहात लपवलं. थोड्या वेळाने मी विचारलं, "बरोबर होतं हे तुला माहीत होतं, तर काल उठलीस का? भांडायचं तरी होतंस."

"नियम होता ना. आणि तुम्ही सांगता तेच बरोबर, असं वाटायचं. रात्रभर परत परत करून बघितलं. चूक सापडेना. मग वाटलं, आपल्याला आपली चूकसुद्धा दिसत नाही, मग कशाला जायचं?" तिने वही माझ्याकडे सरकवली. "हे आत्ता नको. आल्यावर वाचीन." मग फरशीवरच्या ओळींकडे बोट करून म्हणाली, "अजून हं म्हटलं नाहीत तुम्ही."

"हं," मी म्हटलं. ते नीट ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हटलं.

उंबऱ्यावरून तिच्या वडिलांनी विचारलं, "मगे, उद्या किती वाजता निघूचा?"

ती मंगळवारी गेली. तिथल्या फळ्यापुढे तिने हेच मांडलं, आणि दुसऱ्याच ओळीला एका वयस्कर प्राध्यापकांनी तिला थांबवलं. तिने विचारलं, "का, सर?" ते जरा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, चालू ठेवा. टेलिफोनवाल्यांना बुधवारी नकार गेला. संस्थेचं पत्र पुढच्या महिन्यात आलं.

पण त्याआधीचा एक रविवार राहिला. मी बालवाडीत गुडघ्यांवर बसून सातव्या पानावरची सिद्धता सांगायला घेतली, वही न बघता. नवा खेळाडू रांगेत घुसवताना मी त्याला ज्याच्याकडून तो हरला होता त्याच्या पुढ्यात उभा केला.

"थांबा ताई," जोगेश्वरीची मुलगी मागच्या खुर्चीवरून म्हणाली, आणि कारण सांगितलं.